सड्यावरची इंटर्नशिप मे महिन्यात कशी होणार?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या सातारा-सांगलीच्या पानावर महाविद्यालयांच्या इंटर्नशिपची बातमी वाचली. किती मुलांचे तास पूर्ण झाले, कुणाकुणाशी करार झाले, सगळं व्यवस्थित दिलं होतं. सोबत वनस्पतिशास्त्राच्या मुलामुलींचा एक फोटो होता आणि खाली ओळ होती, ‘सह्याद्रीच्या पठारावर वनस्पतींचा अभ्यास करताना विद्यार्थी’. पोरं हसतमुख, गळ्यात ओळखपत्रं, आणि मागं नजर जाईल तिथवर काळा कातळ नि वाळून पिवळं पडलेलं गवत. फोटो मे महिन्यातला. मे महिन्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, या पोरांना कुणी काय दाखवलं असेल, हे काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

मी पाटण तालुक्यातला. एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होतो, आता निवृत्त आहे. शिकवणं माझं काम नव्हतं. सर झाड दाखवायचे, पोरं वहीत उतरवून घ्यायची, आणि मी ते दाबायचो, वाळवायचो, कागदावर टाचायचो नि कपाटात लावायचो. नोकरीभर हेच केल्यामुळं कुठली वनस्पती कुठल्या महिन्यात हाताला लागते हे पाठ झालंय. त्या जोरावर चार शब्द लिहितो. कुणा प्राध्यापकांना आगाऊपणा वाटला तर माफ करावं.

नव्या शैक्षणिक धोरणानं एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ नाहीतर फील्ड प्रोजेक्ट आणलं. चार क्रेडिट, एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास. ते दुसऱ्या सत्रात असल्यानं आपोआप उन्हाळ्यात जाऊन पडतात. कॉमर्सच्या मुलाला सी.ए.च्या ऑफिसात मे काय नि ऑगस्ट काय, सारखंच. केमिस्ट्रीची पोरं एमआयडीसीत जातात, तिथं बारा महिने काम चालू असतं. आमच्या विषयाचं तसं नाही. आम्हाला ज्याचा अभ्यास करायचा तेच त्या महिन्यात जमिनीच्या वर नसतं.

ज्यांनी आमचे सडे पावसाळ्यात पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जांभ्या दगडाचा सपाट माथा, त्यावर कुठं चार बोटं तर कुठं वीतभर माती. मोठ्या झाडाला मूळ धरायला जागा नाही. पाऊस मात्र असा, की कातळातल्या खळग्यांत महिनोन्‌महिने पाणी उभं राहतं. जून ते ऑक्टोबर एवढ्यात काय ते उगवायचं, फुलायचं, बी धरायचं, आणि बाकीचे महिने कंद होऊन नाहीतर बी होऊन पडून राहायचं, असा इथल्या बहुतेक वनस्पतींचा हिशेब. मृगाचा पाऊस झाला की दीपकाडी नि मुसळी डोकं वर काढतात, चवर रंगायला लागते. आषाढात जमिनीवरच्या आमऱ्या, म्हणजे ऑर्किड, येतात. श्रावणात पंद नि गेंद. भाद्रपदात तेरडा, सीतेची आसवं, कवला, मागोमाग सोनकी. दसऱ्याला गवतं फुलोऱ्यावर आलेली असतात आणि दिवाळी झाली की सड्यावर बघण्यासारखं फारसं उरत नाही. कासच्या पठारावर ८५० हून जास्त सपुष्प वनस्पतींची नोंद आहे असं सगळे अभिमानानं सांगतात. त्यातल्या किती मे महिन्यात दिसतात हे कुणी सांगत नाही.

वायतुऱ्याचंच घ्या. अपोनोजेटॉन सातारेन्सिस या त्याच्या शास्त्रीय नावात आपला जिल्हा आहे. सड्यावरच्या उथळ डबक्यात तो उगवतो, पानं लांबट, वर दोन फाट्यांचा जांभळट गुलाबी तुरा. तो नीट बघायचा तर विद्यार्थ्यानं गुडघे पाण्यात टेकून वाकलं पाहिजे, भिंग डोळ्याला लावलं पाहिजे, तुऱ्यावरची बारीक फुलं मोजली पाहिजेत. मे महिन्यात त्याच डबक्याच्या जागी भेगाळलेली माती असते. खाली कंद असतो, पण तो काही उकरून बघायचा नसतो.

माझी भाची सांगलीकडं एम.एस्सी. करते. तिच्या वर्गातल्या काहींनी नर्सरीत पिशव्यांत माती भरून तास काढले, काहींनी ओळखीनं एका ऑफिसात बसून. हिनं हौसेनं फील्डच घेतलं. उन्हातान्हात हिंडली बिचारी, हाती लागले बी सांडून गेलेले गवताचे तुरे आणि वाळक्या काटक्या. अहवाल मात्र जाडजूड झाला, कारण त्यातले फुलांचे रंगीत फोटो सगळे इंटरनेटवरचे. गुणही चांगले पडले. मी विचारलं, “गेंदाचं फूल हातात घेतलंस का गं?” ती म्हणाली, “मामा, गुगलवर बघितलंय.” दोष तिचा नाही नि तिच्या मॅडमचाही फारसा नाही. त्यांना वेळापत्रकानं जे महिने दिले त्यात त्यांनी जमेल ते केलं.

उन्हाळा अगदीच फुकट जातो असंही नाही, आणि सड्याच्या प्रेमात पडलेले लोक हे विसरतात. कोयनेच्या नि चांदोलीच्या रानात मोठ्या झाडांचा हंगाम तेव्हाच असतो. अंजनी निळी होते, जांभूळ मोहरून फळ धरतं, हिरड्याला फुलोरा येतो. धुकं नसतं, त्यामुळं दुर्बिणीनं शेंड्याची फांदीसुद्धा बघता येते, आणि जळवांपासून सुटका. तेव्हा माझं मागणं साधं आहे. हे १२० तास दोन भागांत मोडा. साठ तास मार्च ते मेमध्ये रानातल्या झाडांवर, उरलेले साठ जुलै ते सप्टेंबरमध्ये सड्यावर. दुसऱ्या सत्राचे अर्धे तास तिसऱ्या सत्रात धरायचे तर नियमात एखादी ओळ वाढवावी लागेल. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी इतक्या ओळी वाढवल्यात, ही एक जड होणार नाही.

पावसातलं काम म्हणजे काय, हेही सांगायला हवं, नाहीतर पोरं रेनकोट घालून सेल्फी काढून परत येतील. दिवसभर सडा हिंडून ओल्या अंगानं मुक्कामी यायचं आणि जेवणाआधी प्रेस उघडायचा. प्रेस म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या दोन जाळ्या, मधे टिपकागद आणि वर्तमानपत्राच्या घड्या, भोवती आवळलेले पट्टे. वर्तमानपत्राची घडी फार कामाची, पाणी चांगलं ओढून घेते. आपल्या दैनिकाच्या गुळगुळीत कागदाच्या पुरवण्या मात्र आमच्या काही उपयोगाच्या नाहीत, तेवढं जाता जाता कळवून ठेवतो. कोरड्या हवेत एकदा दाबलं की दोन दिवस बघायला नको. पावसात टिपकागद रोज बदलायचा, झड लागली असेल तर दिवसातून दोनदा, आणि ओले कागद चुलीवरच्या तारेवर वाळत घालायचे. एक रात्र आळस केला की सकाळी गेंदाच्या पांढऱ्या बोंडावर काळी बुरशी. तेरड्याच्या खोडात पाणीच पाणी, ते कुजून कागदाला चिकटतं, मग कागद सोलून काढावा लागतो. अबोलिमाचं फूल तर काही तासांचं, मुक्कामी आणेपर्यंत मिटून गेलेलं असतं. ते जागेवरच बघायचं, जागेवरच लिहायचं.

लिहायचं तेही पेन्सिलीनं. जेल पेनची शाई पहिल्या सरीत वाहून जाते. तारीख, जागा, उंची, झाड उघड्या कातळावर होतं की खळग्यात की काठच्या मातीत, फुलाचा रंग, वास, शेजारी काय उगवलं होतं, आणि गावातली माणसं त्याला काय म्हणतात. सीतेच्या आसवांचा तो निळा-जांभळा रंग वाळल्यावर मातकट होऊन जातो, त्या दिवशी लिहिला नाही तर मागाहून कुणाला कळणार नाही. वाळलेलं झाड ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर टाचतात आणि खाली उजव्या कोपऱ्यात ही सगळी माहिती लिहिलेली चिठ्ठी चिकटवतात. चिठ्ठी नसेल तर तो कागद आमचे सर कपाटात ठेवू देत नसत, झाड कितीही सुरेख दाबलेलं असो. मला तेव्हा वाईट वाटायचं, कारण ते मी दाबलेलं असायचं.

फोनवरच्या ॲपनं हे सगळं होतं, असं हल्लीची पोरं म्हणतात. तेरडा ओळखतं ॲप, सोनकीही ओळखतं. पण गेंदाच्या दोन जाती वेगळ्या करायच्या तर फुलोऱ्याचे बारीक भाग आणि बियांचं कवच सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. गवतांचं तेच. शंका राहिली तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नाहीतर पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहात जाऊन जुन्या नमुन्याशी ताडून बघावं लागतं. तो प्रवाससुद्धा इंटर्नशिपच्या तासांत धरावा, असं मला वाटतं. शंभर-शंभर वर्षांपूर्वीचे नमुने शाबूत ठेवायला काय लागतं, हे पोरांच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. आमच्याकडं एका महाविद्यालयात, नाव घेत नाही, इमारतीचं काम निघालं म्हणून नमुन्यांचं कपाट व्हरांड्यात काढलं आणि पावसाळा तिथंच गेला. डांबरगोळ्या काय करणार?

आता पुढचा मुद्दा. काही वनस्पतींचं वेळापत्रक तर एम.एस्सी.च्या दोन वर्षांतही बसत नाही. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, डोंगरचे डोंगर जांभळे करते आणि बी टाकून मरून जाते. टोपली कारवीचंही फुलणं असंच वर्षांच्या अंतरानं. फुलोऱ्याच्या वर्षी गाड्यांच्या रांगा लागतात, मधल्या वर्षांत तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. त्या मधल्या वर्षांत रोपं किती तगली, किती वणव्यात गेली, गुरांनी किती खाल्ली, हे मोजायचं कुणी? एका मुलाच्या १२० तासांत ते होणार नाही, पण मुलांची रांग लावली तर होईल. सड्यावर एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशा काही चौकटी ठरवा. कोपऱ्यांवर रंगाचा ठिपका पुरे, कातळाला भोकं पाडायची गरज नाही. दरवर्षी त्याच आठवड्यात येणाऱ्या तुकडीनं त्याच चौकटी मोजायच्या. कुठल्या जाती, किती रोपं, किती फुलावर, किती शेंगेवर. वही महाविद्यालयाची, मुलाची नव्हे. त्यानं त्यातून आपला अहवाल लिहावा नि वही पुढच्या तुकडीच्या हातात देऊन पास व्हावं.

या वहीची किंमत वाद पेटला की कळते. कासला कुंपण घातलं तेव्हा वाद झाला, काढायची वेळ आली तेव्हाही झाला. चराई थांबल्यानं गवत माजलं नि फुलं कमी झाली, असं एका बाजूचं म्हणणं. कुंपण नसलं तर माणसं फुलं तुडवतात, असं दुसऱ्या बाजूचं. दोन्हीत तथ्य असेल. पण हिरीरीनं बोलणाऱ्या किती जणांकडं एकाच चौकटीची दहा वर्षांची मोजणी होती? वनकुसवड्याच्या सड्यावर पवनचक्क्या आल्या, त्यांच्यासाठी रस्ते झाले. रस्त्याच्या जागी आधी काय उगवत होतं, हे मला थोडंफार आठवतं, पण माझं आठवणं म्हणजे काही पुरावा नव्हे.

परवानगीचं काय, असं कुणी विचारेल. ती लागतेच आणि लागायलाच हवी. कोयना अभयारण्य नि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यात महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पात पर्यटकांना आत सोडत नाहीत हे योग्यच आहे. पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ मध्ये अभ्यास आणि संशोधनासाठी परवान्याची सोय आहे, अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा. प्रत्येक महाविद्यालयानं प्रत्येक मुलासाठी सुटे अर्ज पाठवण्यापेक्षा दोन्ही जिल्ह्यांतल्या वनस्पतिशास्त्र विभागांनी मिळून जानेवारीतच एक अर्ज करावा. नावं, तारखा, वाट, सोबतचे शिक्षक, काय मोजणार, सगळं त्यात लिहावं. आत गेल्यावर पानसुद्धा तोडायचं नाही, फक्त फोटो, मोजणी नि टिपण. दाबायचं ते अभयारण्याबाहेर, वनकुसवडे, सडावाघापूरसारख्या सड्यांवर, जमीनमालकाला विचारून, आणि ढिगानं उगवणाऱ्या जातींचंच. तेरडा दाबायला शिकलं तरी हात बसतो.

यात एक धोकाही आहे. हल्ली महाविद्यालयांना प्रत्येक गोष्टीचा जिओटॅग फोटो लागतो, अक्षांश-रेखांशासकट. हजेरीसाठी मुलांचा फोटो टाका, हरकत नाही. पण कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ वनस्पतीचा ठिकाणासकट फोटो ग्रुपवर गेला, की कंद खणणारा नि हौशी संग्रह करणारा दोघेही तिथं पोचतात. नरक्या या रानातल्या झाडाचं काय झालं ते आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. त्याच्यातलं कॅम्पटोथेसिन कॅन्सरच्या औषधाला लागतं असं कळल्यावर रानातून त्याच्या मोळ्याच्या मोळ्या गेल्या. तेव्हा दुर्मीळ जातीचं नेमकं ठिकाण वहीत राहील, मोबाइलवर फिरणार नाही, हा नियम इंटर्नशिपच्या पहिल्या पानावर असावा.

राहता राहिली पोरांची सोय. पालक, खास करून मुलींचे, पावसात डोंगरावर पाठवायला घाबरतात आणि ते बरोबरच आहे. ओला जांभा शेवाळानं निसरडा होतो, धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही, ओढ्याला अचानक पाणी येतं, गवतात चापड्यासारखा विषारी साप असतो, गवे असतात. म्हणून कुणी एकट्यानं सड्यावर जायचं नाही, गावातला वाटाड्या सोबत घ्यायचा, आणि ओढा चढला तर त्या दिवशी खोलीत बसून आधीचे नमुने टाचायचे. ते तासही तासच. मुक्काम हॉटेलात नको, गावात असावा. ज्या घरी मुली राहतील त्या घरच्या बाईला जेवणाचे नि राहण्याचे रीतसर पैसे द्यावेत. भारंगी कधी खुडायची, कुर्डू कुठवर कोवळा, करटुलीचा वेल कुठल्या बांधावर, हे तिला माहीत असतं, आणि त्यासाठी तिला तज्ज्ञ म्हणून मानधन द्यायलाही हरकत नाही. जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला, त्यानुसार ग्रामपंचायतींनी गावातल्या वनस्पती-प्राण्यांच्या लोकजैवविविधता नोंदवह्या केल्या. त्या मुलांनी बाईसमोर बसून पुन्हा वाचाव्यात, चुकलेली नावं दुरुस्त करावीत. दोघांचंही काम होईल.

मुलांना मात्र स्वतःच्या खिशातून हे जमणार नाही. माझ्या भाचीच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी फील्ड घेतलं नाही ते एसटीच्या भाड्यासाठी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, ‘कमवा आणि शिका’ ही त्यांचीच रीत. चौकटी मोजणं हे कामच आहे, सुट्टीतली सहल नव्हे. तेव्हा शेतात राबणाऱ्या विद्यार्थ्याला जसं वेतन मिळायचं तसं सड्यावर मोजणी करणाऱ्यालाही मिळावं. पवनचक्क्यांच्या आणि साखर कारखान्यांच्या सामाजिक निधीतून हे सहज होईल. वृक्षारोपणाच्या फलकांवर जेवढा खर्च होतो तेवढाही लागणार नाही.

माझ्याकडं दोन जुने प्रेस आणि टाचायची सगळी हत्यारं पडून आहेत. पाटण, कराड, शिराळा, कुठल्याही महाविद्यालयाला लागली तर द्यायला तयार आहे, आणि गुडघे साथ देतील तोवर येऊन दाखवायलाही. मानधन नको, मुक्कामाला चूल असलेलं घर तेवढं बघा. रात्री टिपकागद बदलायला मात्र पोरांनीच उठायचं.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर
पाटण, जि. सातारा

(पत्र छापल्यास नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)